तुसातली निर्गुडी

त्या इमारतीत दोन दारं एकाच वेळी उघडत नसत. मागचं नीट बंद होऊन वरचा दिवा हिरवा झाला की मगच पुढचं उघडायचं, आणि तोवर मधल्या चिंचोळ्या जागेत आपण उभे. तिथं अंगावरचे कपडे काढायचे, डोक्यावरून आंघोळ करायची, आतले निळे कपडे घालायचे. मग टोपी, मास्क, एकावर एक दोन हातमोजे. मग पुढचं दार. आत खिडकी एकही नाही. हवा छताच्या जाळीतून यायची आणि तिचा घर्रर्र आवाज दिवसभर कानात. पहिल्या दिवशी मी त्या मधल्या जागेत अडकले. मागचं बंद झालेलं, पुढचं उघडेना. मी दांडी ओढत राहिले.

पलीकडून कुणीतरी काच वाजवली. "अगं बाय, ओढतेस काय म्हशीचं दावं ओढल्यासारखं! दिव्याकडं बघ, दिव्याकडं. तूच मेलीस तर उंदरांना कोण बघणार?"

ती माझी जोडीदारीण. कैनाडची, माझ्याहून वयानं मोठी, घरी नवरा, सासू-सासरे, दोन मुलगे आणि थोडी भातशेती. मी तिला ताई म्हणायचे. ती मला बाय म्हणायची, आणि चिडवायचं असलं की घाटावरची. मी हिंगोलीकडची, म्हणजे तिच्या लेखी जगाच्या दुसऱ्या टोकाची.

ही जागा तलासरीच्या अलीकडं, हायवे सोडून आत माळावर. औषधं तपासणारी लहानशी कंपनी. खरं सांगायचं तर तिथं पोचायची माझी लायकी नव्हती. सातवीत शाळा सुटली होती. नवऱ्याबरोबर घोलवडला चिकूच्या पॅकिंगला आले, पुढं नवरा सुरतेला मागावर काम बघतो म्हणून गेला तो गेलाच. मुलगी गावी माझ्या मायजवळ ठेवलेली. मी वखारीत बसून चिकू निवडायचे, आणि आता काय या एकाच विचारानं मला रात्ररात्र झोप नसायची. तिथं चिकू घ्यायला डॉक्टरबाई यायच्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, या कंपनीतल्या उंदरांच्या विभागाच्या प्रमुख. एकदा बराच वेळ माझ्या हातांकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू फळ दाबत नाहीस. उंदीर धरायला शिकशील?" मला वाटलं चेष्टा करताहेत. शाळेचा कागद त्यांनी मागितलाच नाही. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, महिन्याचा पगार, आणि आजारपण झालं तर औषध. मायला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईच्या पायावर डोकं ठेव." मी खरंच वाकले होते. त्या मागं सरकल्या. पण मनातल्या मनात मी वाकलेलीच राहिले. त्यांना नाही म्हणायचं मला जमत नसे.

साल सतराच्या पावसाळ्यात तेलाचं काम आलं. कागदावर त्याला कॅनाबिनॉइड म्हणत, आम्ही नुसतं तेल म्हणायचो. तीळतेलात मिसळलेलं, किंचित पिवळं. कशाचं आहे हे कळलं तेव्हा मी हातातली बाटली खाली ठेवली.

"मॅडम, गांजा?"

"गांजाच्या झाडातलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या झाडात एक द्रव्य नशेचं असतं, ते काढून टाकलंय. बाकीची बरीच असतात. त्यातल्या एकानं तापाच्या विषाणूला अडवता येतं का, फुप्फुसाची सूज उतरते का, एवढंच बघायचं. परवाना आहे."

"पोलीस आले तर?"

"तर त्यांनाही आंघोळ करूनच आत यावं लागेल."

ताई मास्कच्या आत खदखदून हसली. "आमचा म्हातारा चिलमीसाठी जन्मभर बायकोच्या शिव्या खातो. आणि इथं उंदरांना एसीत बसवून, मानेला धरून पाजायचं! पुढल्या जन्मी सासऱ्याला सांगते, उंदीर हो."

काम असं होतं. पांढऱ्या उंदरांना बाई स्वतः नाकातून तापाचा विषाणू द्यायच्या. मग रोज आम्ही एकेकाला मानेमागच्या कातडीला धरून, टोकाला गुळगुळीत गोळी असलेल्या वाकड्या सुईनं तेल पोटात सोडायचं, वजन करायचं, पिंजरा बदलायचा. तेलाच्या बाटल्यांना लाल, निळी आणि पिवळी झाकणं. एकीत औषध कमी, एकीत जास्त, एकीत नुसतं तीळतेल. कुठल्या झाकणात काय, हे आम्हाला ठाऊक नसायचं, बाईंनाही नसायचं. माणूस नकळत आवडत्या पिंजऱ्याला झुकतं माप देतो, म्हणून. आजारी उंदीर कोपऱ्यात जाऊन पाठीला कुबड काढून बसतो, अंगावरचे केस उभे राहतात, डोळे बारीक होतात. वजन एका ठरावीक रेषेखाली गेलं की त्याला आणखी भोगू द्यायचं नाही, गॅस देऊन झोपवायचं. तो नियम होता आणि तो बरा होता. तरी ज्या दिवशी माझ्या हातातल्या उंदराचा काटा त्या रेषेजवळ यायचा, त्या दिवशी मला जेवण जात नसे.

पण खरी अडचण उंदरांची नव्हती, कुंपणाची होती. तापाची खोली चालू असेपर्यंत आणि ती संपल्यावरही पुढं काही दिवस, तिथं जाणाऱ्या कुणीही, म्हणजे आम्ही दोघींनी आणि बाईंनीही, कुंपणाबाहेर जायचं नाही. आसपासच्या प्रत्येक घरात कोंबड्या, आणि असला ताप कोंबड्यांनाही लागू शकतो. आतला ताप बाहेर जाऊ नये, बाहेरचा आत येऊ नये. राहायच्या खोल्या कुंपणाच्या आतच होत्या, मागच्या अंगाला. गच्चीवरून हायवेचा एक तुकडा दिसायचा, त्यावरून चारोटीकडं आणि गुजरातकडं जाणारे ट्रक. मी कपडे वाळत घालायला जायचे आणि ओला कपडा हातात धरून ट्रक बघत उभी राहायचे.

"कुलूप नाही गं फाटकाला," ताई म्हणायची. तिचं घर त्या मानानं जवळ, तीसुद्धा कोंडलेलीच होती. पण ती वॉचमनशी गप्पा मारायची, भिंतीवर पीठ आणि पाण्यानं चित्रं काढायची. मला तसं जमत नसे. फाटकाला कुलूप नव्हतं हे खरंच. मला आत धरून ठेवायला कुलपाची गरजही नव्हती.

अशात मायचा फोन आला.

"कधी येतीस गं? गुरुजी दोनदा येऊन गेले."

माझ्या मुलीची सातवी झाली होती. आमच्या गावात शाळा तिथंच संपते. माझीही तिथंच संपली होती. आठवीसाठी तालुक्याला जायचं, आणि तालुक्याला राहायचं तर मुलींच्या वसतिगृहात जागा हवी. गुरुजींनी धडपड करून एक जागा धरून ठेवली होती. पण आई नाहीतर बाप, स्वतः हजर राहून सही करायला पाहिजे.

"माय, तू जा की."

"गेले होते. आजीची चालत नाही म्हणायलेत. पोरगी घरात बसून भांडी घासायलीय. तुझी चुलती म्हणते, आता शेतात घेऊन जात जा तिला." थोडं थांबून माय हळूच म्हणाली, "तुझंबी असंच झालं होतं बग."

मी हिशोब केला. तेलाची फेरी संपून, नंतरचे कोंडलेले दिवस भरून मी निघाले, तर जागा धरायच्या मुदतीत कशीबशी पोचत होते. "येते," मी म्हटलं. "हे काम संपलं की त्याच दिवशी निघते." मुलीला फोन द्यायला सांगितलं. तिनं नुसतं 'हं' म्हटलं आणि फोन आजीकडं परत दिला.

डॉक्टरबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. काम संपणारच होतं, मग कशाला त्यांच्या डोक्याला ताप, असं स्वतःला समजावलं.

आणि त्याच आठवड्यात तूस संपला. पिंजऱ्यात उंदरांच्या खाली भाताचा तूस पसरतात, भातगिरणीतून पोत्यांनी येतो. फरशीपुलावरून पाणी जाऊ लागलं आणि गिरणीचा टेम्पो पलीकडं अडकला. डॉक्टरबाई स्टोअरमध्ये रिकाम्या पोत्यांकडं बघत उभ्या. ताई म्हणाली, "मॅडम, तूसच ना? तो काय विकत आणायचा जिन्नस आहे? आमच्या घरी आहे की. नवऱ्याला सांगते, फाटकावर आणून टाकील."

बाईंचा जीव भांड्यात पडला. इथं आलेली प्रत्येक वस्तू आत जायच्या आधी वाफेच्या भट्टीतून जायची, त्यामुळं जंतूंची काळजी नव्हती. ताईनं माझ्यासमोरच सासूला फोन लावला. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम, म्हणून ती मोघम बोलली. "आयेस, तूस पाहिजे. चांगला, कोरडा. जनावरं आजारी आहेत, त्यांच्या खाली घालायला." दुसऱ्या दिवशी तिचा नवरा मोटारसायकलवर मागं-पुढं पोती बांधून आला आणि फाटकावर टाकून गेला.

त्यानंतरच्या दिवसांत एक गंमत दिसायला लागली. उंदरांनी तुसात फार सुरेख घरटी केली. कोपऱ्यात खोल, गोल, वरून झाकलेली. आणि त्यांचं वजन उतरायचं थांबलं. लाल झाकणवाल्यांचं, निळ्यांचं, पिवळ्यांचंही. मला तर आनंद झाला. एकही रेषेजवळ नव्हता. ताई म्हणाली, "बघ, गांजा लागला बाळांना." पण डॉक्टरबाईंचा चेहरा उतरत चाललेला. तीनपैकी एका गटाला नुसतं तीळतेल मिळतंय, तो गट पडायला हवा होता. तो पडत नव्हता.

एका सकाळी त्या आमच्याबरोबर आत आल्या. एक पिंजरा उघडला, उंदीर बाजूला काढून घरटं चिमट्यानं अलगद उकललं. आत तुसाच्या जोडीला काळपट हिरवे तुकडे होते, कुरतडलेले, मऊ अस्तरासारखे लावलेले. त्यांनी एक तुकडा दिव्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

ताई पुढं झाली, बघितलं, आणि अगदी सहज म्हणाली, "निर्गुडी."

"पिंजऱ्यात निर्गुडी?"

"सासूनं घातली असणार. आम्ही बियाणं तुसात ठेवतो ना, पेरणीपर्यंत, त्यात निर्गुडीचा सुका पाला चुरून टाकतो. कीड लागत नाही. आणि मी फोनवर म्हटलं ना जनावरं आजारी आहेत म्हणून? मग तिनं वरून आणखी मूठ-मूठ घातली असेल. आजारी गुराखाली घालतोच आम्ही. सूज उतरते." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. सासूनं न सांगता लक्षात ठेवून केलं, म्हणून.

डॉक्टरबाईंनी घरटं पुन्हा झाकलं. चिमटा खाली ठेवला. वरच्या जाळीतली हवा घर्रर्र करत होती. ताईनं आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मास्कच्या वरचे तिचे डोळे बदलताना मी पाहिले.

"भट्टीत जंतू मरतात," बाई म्हणाल्या. "पाला पालाच राहतो. सगळ्यांनी खाल्लाय तो."

"मग बरे झाले ना?" ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"पाल्यानं झाले, की तेलानं, की तशीच ताकद होती म्हणून, आता सांगताच येत नाही गं. पाल्यानं काहीच केलं नाही असंही म्हणता येत नाही. सगळं बाद. पहिल्यापासून."

बाद म्हणजे त्या खोलीतला प्रत्येक उंदीर. दुपारपर्यंत आम्ही ते काम केलं. एवढ्या सुरेख घरट्यांतून एकेकाला काढलं. मला त्यांची दया येत होती, हे खरं. पण हात चालत असताना डोक्यात दुसरंच चाललं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. नवे उंदीर येणार, नवी फेरी लागणार, पुन्हा नंतरचे कोंडलेले दिवस. वसतिगृहाची मुदत त्या आधीच संपणार होती.

संध्याकाळी डॉक्टरबाई आमच्या खोल्यांकडं आल्या. मालकांचा फोन येऊन गेला होता. ज्या बाईनं तूस आणला तिला काढा, असं त्यांचं म्हणणं. "मी सांगितलं, तूस मी घेतला, न तपासता घेतला, ती माझी चूक आहे. आणि त्या खोलीत शिकलेल्या दोघी लागतात. दोघी आहेत म्हणूनच फेरी लगेच लावता येईल." मग आम्हाला म्हणाल्या, "पुन्हा सुरू करू. थांबाल ना?"

मी मान हलवली. हो म्हणून. ती आपोआपच हलली.

"हिला काय विचारता?" ताई एकदम म्हणाली. "ही नाही म्हणेल का तुम्हाला? हिची पोर आठवीला जायची राहते, मॅडम. आईनं जाऊन सही केल्याशिवाय घेत नाहीत. रोज गच्चीवर जाऊन ट्रक बघून रडते, आणि खाली येऊन म्हणते, डोळ्यात साबण गेला."

"ताई, गप बस ना."

"का गप बसू? माझ्या सासूच्या मुठीनं तुझी पोर घरी बसणार, आणि मी गप बसू?"

डॉक्टरबाई माझ्याकडं बघत होत्या. "मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काम दिलंत," मी म्हटलं.

त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तू जा. खोली धुऊन झाली की तुझे दिवस मोजू, मग जा. मी मालकांना सांगेन."

हेच तर ऐकायचं होतं मला. पण मी ताईकडं बघितलं. ती भिंतीवरच्या आपल्या चित्राकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून. मी गेले की शिकलेली एकच उरते. मग फेरी नाही. फेरी नाही तर मालकांना थांबवायला बाईंच्या हातात काही नाही. ताईच्या घरी भात जेमतेम होळीपर्यंत पुरायचा, पुढं सगळं या पगारावर. आणि माझे दिवस भरून मी निघाले, तरी पाण्यानं रस्ते अडलेले असताना मुदतीत पोचेन याची खात्री नव्हतीच. बाहेर जायचं दार उघडलं होतं आणि मी त्या मधल्या जागेत उभी होते. दिवा कुठं दिसेना.

"राहते," मी म्हटलं.

ताई उठली आणि आत गेली. मला वाटलं, रागावली. ती फोनवर बोलत होती, आपल्या बोलीत, भराभर, सासूशी. अर्धं मला कळलं नाही. बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या मायला फोन लाव. पोरीला घेऊन इकडं यायचं. दाखला घेऊन. माझा नवरा डहाणूला स्टेशनवर उभा राहील. आमच्या घरी राहील ती. सासूला सांगितलंय, तुझ्या पाल्यानं नुकसान केलं, ते आता भरून दे."

"अगं, पण शाळा…"

"डहाणूला काय शाळा नाहीत? का फक्त तुमच्या घाटावरच अक्षरं उगवतात?"

माय जन्मात एकदाही परभणीच्या पुढं गेली नव्हती. ती आली. बस, मग रेल्वे, मग आणखी एक रेल्वे, पत्र्याची पेटी आणि नातीला घेऊन. शाळेत नेण्याआधी ताईच्या नवऱ्यानं दोघींना मोटारसायकलवर बसवून आमच्या फाटकावर आणलं. नवी फेरी लागली होती. मी कुंपणाच्या आत, त्या दोघी बाहेर. मुलगी माझ्या खांद्याला लागेल एवढी झालेली. तिनं तारेतून हात आत घातला आणि मी दोन पावलं मागं सरले.

"हात लावायचा नाही, बाळा. आत ताप आहे."

तिनं हात काढून घेतला. विचारलं, "तुला ताप आहे?"

"मला नाही. कामाला आहे."

तिला ते पटलं नसावं. माय तोंडाला पदर लावून उभी होती. ताईचा नवरा उगीचच मोटारसायकलचं चाक तपासत होता.

शाळेत आजीवर भागलं नाही, तिथंही आईची सही लागली. पण तिथल्या मुख्याध्यापकांनी डॉक्टरबाईंशी फोनवर बोलून सांगितलं, सही आणा, हजर नसल्या तरी चालेल, पण दुपारच्या आत आणा. मी तेव्हा तापाच्या खोलीत, अर्धे उंदीर पाजून व्हायचे होते. डॉक्टरबाईंनी कागद खिडकीवजा खोक्यातून आत सरकवला. मी हातमोज्यानं पेन धरून सही केली. आतला कागद बाहेर जायचा रस्ता एकच, भट्टीतून. तो वाफेतून निघाला तेव्हा पापडासारखा वळलेला, पण शाई शाबूत होती. शाळेतल्या कारकुनानं म्हणे विचारलं, "हा काय इस्त्री करून आणलाय?" ताईचा नवरा म्हणाला, "उकडून आणलाय साहेब, ताजा आहे." प्रवेश झाला. माय चार दिवस राहून गावी परत गेली, मुलगी कैनाडलाच राहिली.

तेलाचं म्हणाल तर गिरणीच्या तुसावर ती फेरी नीट पार पडली. झाकणांचं गुपित उघडलं तेव्हा जास्त औषधवाले थोडे सावरलेले निघाले, फार नाही. बाई म्हणाल्या, एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, अजून बघावं लागेल. त्या निराश नव्हत्या, खूशही नव्हत्या. निर्गुडीचं काय, असं ताईनं विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, तिची पाळी नंतर."

माझे दिवस भरले त्या सकाळी मी फाटकातून बाहेर पडले. चारोटीच्या नाक्यावरून टमटम पकडली. कैनाडला उतरून, विचारत विचारत ताईच्या घरी पोचले. अंगणात मुलगी बसलेली, नुकतीच नाहलेली, केस मोकळे. दोन दिवस तिला कणकण होती म्हणून सासूनं निर्गुडीच्या पाण्यानं अंघोळ घातली होती. तो वास दारापासूनच आला. मी तो वास मास्कशिवाय पहिल्यांदाच घेत होते.

मला बघून ती उभी राहिली, पण जवळ आली नाही. जिथं होती तिथूनच म्हणाली, "आता हात लावला तर चालतो का?"

"चालतो," मी म्हटलं. आणि तरी आधी मोरीवर गेले, कोपरापर्यंत साबण लावला, पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. ताईच्या सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. मुलगी वाट बघत उभी होती.